दादाला काहीही न देण्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, काम उंच जागी दोरावर लटकून रंग आणि डागडुजी, राहणार सध्या इस्त्रीच्या दुकानावरचा मजला, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदांवर लिहून ठेवते आहे. "सध्या" हा शब्द वकीलबाईंनी दोनदा खोडला आणि मी दोनदा परत घातला. माझं डोकं ठिकाणावर आहे. कालच कंपनीच्या डॉक्टरांनी कानात, डोळ्यात, घशात बॅटरी मारून तसं लिहून दिलं. मी कुठलीही नशा केलेली नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. लिहिताना दादाने एकदा डोळे वटारले, पण ते जबरदस्तीत मोडत नाही असं वकीलबाईंचं मत पडलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खरं म्हणजे याआधी कुठलंच काम मी इतका वेळ एका खुर्चीत बसून केलेलं नाही.

हे मृत्युपत्र मुळात एकाच गोष्टीसाठी आहे. माझ्यामागे माझं काहीही माझ्या सख्ख्या भावाला मिळू नये. घर नाही, पैसे नाहीत, सायकल नाही, चहाची कपबशीसुद्धा नाही. हे वाचून कोणी "बहीणभावाचं पटत नव्हतं वाटतं" म्हणून हळहळू नये. चांगलं पटतं. जगात ज्याच्यासाठी सगळं ठेवावं असा मला हा एकच माणूस आहे, आणि तोच नेमका असा निघाला की त्याच्या हातात ठेवलेली वस्तू थेट सरकारच्या हातात जाते. मधे फक्त त्याचा हात लागतो.

ते कसं, हे आधी सांगते, म्हणजे पुढची कलमं कळतील. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात पूर्वकथा नसते. मी म्हटलं, मग लोकांना कळतं कसं? त्या म्हणाल्या, लोकांना कळावं म्हणून ते लिहीतच नाहीत. तरी लिहिते.

दादा सुतार आहे. माझ्याहून बराच मोठा. आईबाबांनंतर मला त्यानेच वाढवलं, म्हणजे शाळेत पाठवलं आणि मी पळून आले की परत पाठवलं. हात त्याचा सोन्यासारखा. अडचण एवढीच, की नवीन कपाट कोणी विकत घेत नव्हतं आणि जुन्या कपाटासाठी लोक एकमेकांच्या पायावर पाय देत होते. मग दादा नवीन कपाटं जुनी करायला लागला. चहाचं पाणी फासायचं, काजळी घासायची, मेण लावायचं, ओल्या मातीत पुरून ठेवायचं, आणि सगळ्यात शेवटी सुईसारख्या बारीक ड्रिलने किडीची भोकं पाडायची. भोकांमध्ये त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. कपाट तयार झालं की त्याला एक गोष्ट जोडायची, अमक्या घराण्यातल्या पणजोबांनी पणजीसाठी करून घेतलेलं वगैरे. मी लहान होते. मला वाटायचं, दादाला किती ते पणजोबा.

एका गिऱ्हाइकाने कपाटाच्या काळजीपोटी कीड मारणारा माणूस बोलावला. त्याने औषध सोडण्याआधी एका भोकात तार घातली. तार सरळ आत गेली. दुसऱ्यात घातली, तीही सरळ गेली. दहाबारा भोकं तपासून तो म्हणाला, "बाईसाहेब, ही कीड फार शिस्तीची दिसते. खरी कीड लाकडात अशी नाकासमोर चालत नाही, भटकते." हे वाक्य पुढे कोर्टात वाचून दाखवलं. सगळे गंभीर बसले होते आणि मी मागच्या बाकावर हसले, म्हणून मला बाहेर काढलं. मला ते वाक्य अजून आवडतं. शाळेत मला कोणी असं समजावून सांगितलं असतं तर मी जरा टिकले असते.

तर दादा आत गेला. शिक्षा भोगून बाहेर आला. पण शिक्षेशिवाय कोर्टाने आणखी एक गोष्ट केली होती. गुन्ह्यातून जेवढं आलं तेवढं सगळं परत भरायचं. लाकूड, मेण, चहापत्ती, कशाचाही खर्च वजा मिळणार नाही. तेव्हा दादाकडे सापडलं काय, तर रंधे, पटाशा, एक सायकल आणि अर्धा डबा पॉलिश. ते नेलं. बाकीच्याबद्दल न्यायाधीश म्हणाले, हे देणं उभंच राहील. पुढे कधी तुम्ही काही मिळवलंत, मग ते घाम गाळून का मिळवलेलं असेना, सरकार येऊन घेईल. दादाने मान डोलावली. त्याला वाटलं, असं बोलायची पद्धत असेल.

बाहेर आल्यावर दादा इतका सरळ झाला की त्याच्याबरोबर राहणं कठीण. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर पावसात परत जाणारा. गिऱ्हाइकाला स्टूल देताना सांगणार, "हे नवीन आहे बरं का, कालचं आहे, वास घेऊन बघा." इकडे मी दोरावर लटकून चिमण्या रंगवत, टाक्या घासत, या गावातून त्या गावात हिंडत होते आणि चार पैसे साठले होते. आम्ही मिळून हे घर घेतलं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोघांच्या नावावर, अर्धं अर्धं, कारण बँकेला मी एकटी चालेना. ज्या बाईचा पत्ता ऋतूप्रमाणे बदलतो तिला कर्ज कसं द्यायचं, असं तिथल्या माणसाने मला तोंडावर विचारलं. मी त्याला पत्ता विचारायला आले होते असं सांगून निघणार होते, पण दादाने हात धरून बसवलं.

घराचं कर्ज फिटलं आणि जप्तीचे साहेब आले. त्यांचा आवाज इतका मऊ, की मला वाटलं विमा विकायला आलेत. आधी बूट काढले, मग टेप काढला. म्हणाले, "घर छान ठेवलंय." दादा फुलला. साहेब म्हणाले, "यातला तुमचा अर्धा हिस्सा आम्ही घेणार आहोत." दादा तसाच फुललेला राहिला, आत हवा नाही अशा फुग्यासारखा.

साहेबांबरोबर किंमत लावणारा एक माणूसही होता. तो स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर जाऊन थबकला. भिंग काढलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि लिहिलं, अंदाजे दोनशे वर्षं जुनं. दादाचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब, ते मी गेल्या हिवाळ्यात केलंय."

"भोकं आहेत," किंमत लावणारा म्हणाला.

"ती माझीच. काय करू, हात थांबत नाही. दरवाजा बसवला की बोटं आपोआप ड्रिलकडे जातात. विकायचं नव्हतं हो, घरचंच होतं, म्हणून मीही सोडून दिलं."

जप्तीचे साहेब म्हणाले, "हे बघा, तेव्हा तुम्ही नव्याला जुनं म्हणालात. आता जुन्याला नवं म्हणताय. आम्ही तुमचं कुठल्या दिवसाचं खरं धरायचं?"

दादा तार घेऊन आला. साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी स्वतः भोकात घातली. सरळ आत. दुसऱ्या भोकात. सरळ. सरकारी माणूस हसताना मी पहिल्यांदा पाहिला. आधी नुसते खांदे हलतात, आवाज मागाहून येतो. यादीत त्यांनी कपाटापुढे लिहिलं, "नवीन, किडके, घरगुती वापराचे", आणि सोडून दिलं.

कपाट सुटलं, घर नाही. साहेब म्हणाले, अर्धं घर सरकार विकू शकत नाही, अर्ध्या स्वयंपाकघराला कोण येणार? तेव्हा सगळं घर विकायचं, तुमचा अर्धा तुम्हाला द्यायचा, दादांचा अर्धा सरकारजमा. नाहीतर दुसरा मार्ग, दादांचा अर्धा तुम्हीच विकत घ्या. पैसे आमच्याकडे येतील, घर तुमचं राहील. मी मुदत मागितली. एका हंगामाची मिळाली.

म्हणून मी उद्या बोटीवर जाते आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायची आहेत. एवढे पैसे जमिनीवर कोणी देत नाही, आणि का देत नाही हे वर लटकल्यावर कळतं. हंगाम संपवून परत आले तर दादाचा अर्धा विकत घेईन आणि हे कागद वकीलबाईंना परत मागून चुलीत घालीन. परत आले नाही तर प्रश्न असा की मला नवरा नाही, मूल नाही, कायद्याने वारस दादा. म्हणजे माझा अर्धा दादाकडे, दादाचा सगळा सरकारकडे, आणि दादा रस्त्यावर, त्याच्या किडक्या कपाटासकट. तसं होऊ नये म्हणून ही कलमं.

कलम पहिलं. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांची फी मी आगाऊ दिली आहे, त्यामुळे त्यांनी "मी तरी सांगत होते" असं कोणालाही म्हणू नये.

कलम दुसरं, दोर आणि पट्टे. माझा कमरेचा पट्टा, शिरस्त्राण, कड्या आणि दोन दोर माझ्या जोडीदारणीला, जी माझ्याबरोबर समोरच्या दोरावर लटकते आणि सबंध वेळ गाते. पट्टा तिला दोन बोटं सैल होईल. मी दोरावरून पडूनच गेलेली असेन तर तो दोर तिला देऊ नये, तो तपासणीला जातो. तपासणी झाली की कापून टाकावा. आठवण म्हणून कोणी ठेवू नये, कारण ठेवलेला दोर कधी ना कधी कोणीतरी वापरतं. गाणी मात्र तिने जरा कमी करावीत. वर आवाज फुटत नाही असं तिला वाटतं, तो फुटतो आणि खाली सगळ्या डेकवर ऐकू येतो. आम्ही बोटीवर गेलो की लोक आमच्याकडे बघून हसतात ते त्यामुळे. मला सांगायचा धीर झाला नाही.

कलम तिसरं, ट्रंक. माझी एक हिरवी ट्रंक एका बंदराजवळच्या लॉजमध्ये आहे. कुठल्या बंदराजवळच्या ते आठवत नाही. लॉजची मालकीणबाई एका डोळ्याने तिरळी होती आणि तिच्याकडे तीन पायांचा कुत्रा होता. ट्रंकेत हिवाळी कोट, एक चांगला पाना आणि मी वाचायला घेतलेलं पुस्तक आहे, खूण विसाव्या पानावर. ज्याला सापडेल त्याची. पुस्तकात शेवटी काय होतं ते मला कळवायची आता गरज नाही.

कलम चौथं, आत्या. दादा पकडला गेला तेव्हा आमच्या आत्याने त्याने प्रेमाने दिलेली खुर्ची रातोरात फुटपाथवर आणून ठेवली आणि शेजारणीला सांगितलं, "आमचा काही संबंध नाही." मी ती उचलून घरी आणली. दोन वर्षांनी आत्याला कोणीतरी सांगितलं की असल्या खोट्या जुन्या वस्तूंनाही आता हौशी गिऱ्हाईक आहे. लगेच फोन. "अगं, माझी खुर्ची तुझ्याकडे राहिली आहे ना?" राहिली आहे, आत्या. ती मी तुलाच देते. डावा पाय जपून टेक. त्या खुर्चीला आता खरी कीड लागली आहे.

कलम पाचवं, सायकल. आधी दादाला ठेवणार होते. मग वाटलं, पहिली सायकल सरकारने नेली, दुसरीही नेली तर तो सायकलींना दृष्ट लागते असं मानायला लागेल. म्हणून सायकलही खाली सातव्या कलमात येणाऱ्या बाईंनाच. दादाने मागितली तर त्यांनी वापरायला द्यावी. हवा त्याने भरावी.

इथपर्यंत दादाने लिहिलेलं खांद्यावरून वाचलं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"पातेलं?"

"पातेलंही नाही."

"तुझा एखादा फोटो तरी?"

मी वकीलबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, फोटोला किंमत नाही, चालेल. चौकटीला असते. म्हणून कलम सहावं. माझा एक फोटो, बोटीच्या कठड्यावर बसलेला, तोंडात पाव, दादाला, चौकटीशिवाय. दादा, चौकट तू करशील हे मला माहीत आहे. केलीस तर भोकं पाडू नकोस.

कलम सातवं. हेच खरं.

माझं अर्धं घर, आणि मी गेल्यावर कंपनीकडून येणारे विम्याचे पैसे, म्हणजे ज्यातून दादाचा अर्धा सरकारकडून विकत घेता येईल, हे सगळं आमच्या खालच्या इस्त्रीताईंना.

गल्ली त्यांना इस्त्रीताई म्हणते, म्हणून मीही. त्या खाली दुकानात कपड्यांना इस्त्री करतात आणि दुकानामागच्या एका अंधाऱ्या खोलीत एकट्या राहतात. त्यांची आणि दादाची ओळख भुशावरून झाली. वरची जमीन फळ्यांची आहे, फळ्यांना फटी आहेत. दादाने पहिल्याच दिवशी करवत चालवली आणि भुसा खाली पांढऱ्या शर्टांच्या थप्पीवर पडला. त्या वर आल्या नाहीत. खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. दादा थांबला. थोड्या वेळाने परत चालवली. परत ठोकलं. पुढे दादाने फटी बुजवल्या, स्वतः, एकूण एक, मी पाहिलंय. फक्त एक ठेवली, बरोबर त्यांच्या टेबलाच्या वरची. आता दुपारी त्यांनी चहा टाकला की वर करवत सुरू होते, आणि ठोकलं की हा "आलो, आलो" म्हणत खाली पळतो. कापायला लाकूड नसलं तरी करवत सुरू होते. दादा, तुला वाटतं मी झोपलेली असते. आणि त्या काय म्हणतात? "काय कारागीर, आज कुठल्या पणजोबांचं काम काढलंय?" दादा लाल होतो. चाळिशीचा माणूस. लग्न करावं की नाही हा या मृत्युपत्राचा विषय नाही. पण करावं.

पहिल्या मसुद्यात मी पुढे लिहिलं होतं की घर इस्त्रीताईंना, मात्र दादाला मरेपर्यंत तिथे राहू द्यावं या अटीवर. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. कागद घेऊन वकीलबाईंकडे गेले, दादाही बरोबर आला. वकीलबाईंनी वाचलं, चष्मा काढला.

"मरेपर्यंत राहण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच असते," त्या म्हणाल्या. "त्याची किंमत काढता येते. वय बघतात, भाडं बघतात, हिशेब करतात. हक्क दादांना मिळाला की सरकार म्हणेल, आणा इकडे."

"त्यांना कळणार नाही असं लिहू," मी म्हटलं.

दादा उठून उभाच राहिला. "नाही. लपवाछपवी नाही. मी एकदा आत जाऊन आलोय, भिंगरे, तुला गंमत वाटते. देशील तर त्यांना खरंच दे. त्यांचं घर, त्यांची किल्ली. उद्या त्यांनी मला बाहेर काढलं तर काढलं. मागच्या दाराने माझं ठेवायचं नाही."

"आणि काढलं तर जाशील कुठे?"

"ते मी बघीन."

"काय बघशील? तुझ्याकडे आहे काय? एक किडकं कपाट."

"ते नवीन आहे," दादा म्हणाला.

वकीलबाईंनी अट खोडली. मला सांगायला हरकत नाही, ती रेघ बघून मी टेबलाची कड धरली. दीडशे फुटांवर वारा फिरतो तेव्हा दोर धरते तशी. तिथे निदान दुसरा दोर असतो. इथे दादाच्या डोक्यावरचं छप्पर एका माणसाच्या मर्जीवर टांगलेलं, आणि ती मर्जी कागदावर आणली की गेली. तोंडी वचन घेऊ का, तर तेही नको, वकीलबाई म्हणाल्या. वचन घेतलंत आणि उद्या सिद्ध झालं, की परत तो हक्कच.

तर काल संध्याकाळी मी खाली गेले. दादाला वर थांबायला सांगितलं. इस्त्रीताई कोणाच्या तरी कॉलरवर पाणी शिंपडत होत्या. मी सगळं सांगितलं. घर तुम्हाला, पैसे तुम्हाला, सायकल तुम्हाला, अट काही नाही, वचन मागायची मला परवानगी नाही.

त्या म्हणाल्या, "तू नीट परत ये. बाकीचं कशाला?"

"येणारच आहे. पण नाही आले तर."

त्यांनी इस्त्री फिरवली. मी पाय बदलत उभी. मला उभं राहणं जमत नाही, हे त्यांना माहीत आहे.

"तुझा दादा घोरतो ना गं?"

मी म्हटलं, "घोरतो. खालपर्यंत ऐकू येत असेल."

"ते मला ठाऊक आहे, रोज ऐकते. मी विचारतेय, कुशीवर वळवलं की थांबतो का?"

मी म्हटलं, "थांबतो."

"हं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी बाही घेतली.

हे संभाषण वकीलबाईंनी काढायला सांगितलं होतं. मी विचारलं, हे वचन झालं का? नाही झालं. हक्क झाला का? नाही झाला. कोणी कोणाला कुशीवर वळवण्याचा सरकारी दर आहे का? त्यांनी बराच विचार करून सांगितलं की त्यांच्या माहितीत नाही. म्हणून ठेवलं आहे.

तेव्हा कलम सातवं शेवटी असं वाचावं. माझं अर्धं घर, विम्याचे पैसे आणि सायकल इस्त्रीताईंना, कायमची, संपूर्ण, कुठल्याही अटीशिवाय. माझ्या भावाला यातलं काहीही नाही. हे मी विसरून किंवा रागाने लिहिलेलं नाही, त्याला समोर बसवून, त्याच्या संमतीने, त्यानेच टोक करून दिलेल्या पेन्सिलीने आधी कच्चं आणि मग शाईने पक्कं लिहिलं आहे.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो चालत नाही. इस्त्रीताई बाद, जोडीदारीण बाद, आत्या बाद. एक वकीलबाई झाल्या. दुसरं कोण, तर दादा म्हणाला, "साहेबांनाच बोलव. त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे." मला वाटलं ते येणार नाहीत. आले. बूट काढले. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला चालतं का हे? ते म्हणाले, "कायदा एवढंच म्हणतो की साक्षीदाराचा फायदा नसावा. माझं तर नुकसानच आहे. माझ्यासारखा साक्षीदार तुम्हाला शोधून मिळणार नाही."

वरील मजकूर माझ्या मनासारखा आहे, पानं सगळी माझ्या हातची आहेत, खाडाखोड वकीलबाईंची आहे. खाली दोघांच्या देखत सही करते.

सही करणारी: भिंगरी (हे दादाचं ठेवलेलं नाव, खरं नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे)

साक्षीदार पहिली: वकीलबाई. "सही करणारी व्यक्ती शुद्धीवर होती. सात वेळा खुर्चीवरून उठली."

साक्षीदार दुसरा: जप्ती अधिकारी. "मजकूर वाचलेला नाही. सही होताना पाहिली. हंगाम संपल्यावर सदर व्यक्ती स्वतः कार्यालयात येऊन पैसे भरेल अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठी पंधरा दिवस उशीर झाला तरी मी दार उघडं ठेवीन."

ठिकाण: स्वयंपाकघर, इस्त्रीच्या दुकानावरचा मजला

दिनांक: बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, चहाच्या वेळी